पासवर्ड ग्रुपवर टाकायची सवय कधी सुटणार?

आपल्याकडं कार्यालय कुठलंही असो, लॉगिनचा पासवर्ड तीन ठिकाणी हमखास सापडतो. टेबलाच्या काचेखाली, कम्प्युटरला चिटकवलेल्या चिठ्ठीवर, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. तलाठ्याचा ग्राम महसूल अधिकारी झाला, ग्रामसेवकाचा ग्रामपंचायत अधिकारी झाला, पाटी बदलली पण सवय तीच.

त्यात काय एवढं, असं वाटत असेल तर परभणीपलीकडं जालन्यात बघा. अंबड आणि घनसावंगी तालुक्यांतला अतिवृष्टी अनुदानाचा कोट्यवधींचा घोटाळा २०२५ मध्ये गाजला. याद्यांत बोगस नावं घुसली, आणि चौकशीत तहसीलदारांच्या लॉगिन-पासवर्डच्या गैरवापराचा मुद्दा निघाला. आपला शेतकरी व्हीके नंबर घेऊन ई-केवायसीसाठी ज्या पैशापायी रांगेत उभा राहतो, तेच हे पैसे.

एका लॉगिनवर पाच जणांनी काम करणं चूकच. त्याला ज्याचं त्याचं वेगळं लॉगिन हाच इलाज. पण जिल्ह्यावरून नवीन लॉगिन तयार झालं की त्याचा पहिला पासवर्ड गावापर्यंत पाठवावाच लागतो ना? तिथंच गळती आहे. ग्रुपवर टाकलेला पासवर्ड वर्षानुवर्षं तिथंच राहतो, बदली झालेल्या माणसाच्या मोबाईलातसुद्धा.

यासाठी 'पासवर्ड पुशर' नावाचं मुक्त सॉफ्टवेअर आहे, फुकट. आपल्याच लिनक्स सर्व्हरवर डॉकर वापरून बसवता येतं. पासवर्ड त्यात टाकायचा, ते एक लिंक देतं. ठरवलेल्या वेळा उघडली किंवा ठरवलेले दिवस संपले की आतला पासवर्ड पुसला जातो. लिंक कधी उघडली, कुठल्या आयपी पत्त्यावरून उघडली, याची नोंद मात्र राहते. "मला मिळालाच नाही" म्हणायची सोय बंद!

हे दुसऱ्याच्या साईटवर का नको? सरकारी पासवर्ड अनोळखी माणसाच्या कम्प्युटरवर ठेवायचा म्हणजे घराची किल्ली वाटसरूकडं देण्यासारखं. म्हणून सर्व्हर जिल्हा मुख्यालयात, आपल्या ताब्यात असावा. नुसतं बसवून भागत नाही. कुलपाची मूळ किल्ली, म्हणजे मास्टर की, आपली स्वतःची टाकायची. सॉफ्टवेअरसोबत येणारी सगळ्या जगाला माहीत असते. एचटीटीपीएस हवंच, त्याचं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टकडून फुकट मिळतं. आणि एक गंमत: काही ॲप लिंक आपोआप तपासतात, त्यातच एकदाच उघडणारी लिंक खर्ची पडते. त्यासाठी आधी एक बटण दाबायला लावायची सोय आहे, ती चालू ठेवायची.

दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीनं वापरला तर आयटी कायद्याच्या कलम ६६ क खाली ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड आहे. पण पासवर्ड साऱ्या गावाला माहीत असेल तर वापरला कुणी, हे सिद्ध कसं करायचं?

शिरडच्या पुढच्या ग्रामसभेत मी लेखी विचारणार आहे: आपल्या पंचायतीची लॉगिन किती, ती किती जणांकडं आहेत, पासवर्ड शेवटचा कधी बदलला? तुम्हीही आपापल्या गावात विचारा, आणि काय उत्तर मिळालं ते खाली कमेंटमध्ये लिहा. पासवर्ड तेवढा लिहू नका!