परक्यांच्या युद्धातला आपला यशवंत

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हिंदी फौजेतून लढताना पडलेल्या, माणगाव तालुक्यातल्या पळसगावच्या नाईक यशवंत घाडगे यांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं : ‘इंग्रजांसाठी मेला तो, आपल्याला त्याचं काय?’

आक्षेप सरसकट झटकून टाकण्यासारखा नाही. सप्टेंबर १९३९ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारतीय नेत्यांना न विचारताच देश महायुद्धात ओढला. काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी त्याच मुद्द्यावर राजीनामे दिले. यशवंत इटलीत लढत होते तेव्हा पंडित नेहरू आणि मौलाना आझाद नगरच्या किल्ल्यात स्थानबद्ध होते. हे सगळं खरं. पण या अन्यायाचा जाब दिल्लीच्या आणि लंडनच्या सत्ताधाऱ्यांना विचारायचा, की कोकणातल्या बावीस वर्षांच्या पोराला?

१० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीची एक तुकडी पुढे सरकत होती. अगदी जवळून शत्रूची मशीनगन सुरू झाली. तुकडीतले सगळे ठार किंवा जखमी झाले. उरले फक्त तुकडीप्रमुख यशवंत. ते थेट त्या मोर्च्यावर धावून गेले. आधी हातबॉम्ब टाकून मशीनगन आणि ती चालवणारा, दोन्ही गारद केले, मग टॉमीगनने आणखी एकाला टिपलं. गोळ्या संपल्या. मॅगझिन बदलायला उसंत नव्हती. तेव्हा बंदूक नळीकडून धरून तिच्या दस्त्याने त्यांनी उरलेल्या दोघांना संपवलं. लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या. जिंकलेल्या त्या मोर्च्यातच त्यांनी प्राण सोडला. व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यसन्मान त्यांना मरणोत्तर मिळाला, तो त्यांच्या पत्नीने स्वीकारला.

‘पोटार्थी शिपाई’ हा दुसरा शेरा. कोकणातल्या माणसाला मुंबईची गिरणी किंवा पलटण याखेरीज तेव्हा फारशी वाट नव्हती, हे कुणी नाकारत नाही. पण पगार घेतला म्हणून शौर्य हिणकस ठरत असेल, तर वतनाऐवजी रोख पगाराचा आग्रह धरणाऱ्या शिवाजी महाराजांच्या सैन्यालाही तोच न्याय लावावा लागेल! पगार माणसाला मोर्च्यापर्यंत नेतो. जवळचे सगळे पडल्यावर, रिकाम्या बंदुकीनिशी एकट्याने पुढे जायला कुठलाही पगार पुरत नाही.

काहींना वाटतं, आझाद हिंद सेनेचा गौरव करायचा तर या शिपायांना विसरायला हवं. हे द्वंद्वच खोटं आहे. आझाद हिंद सेनेतले हजारो जवान याच ब्रिटिश हिंदी फौजेतून, सिंगापूरच्या पाडावात कैद होऊन, नेताजींकडे आले. दोघांची छावणी एकच, कवायत एकच. युद्धाने त्यांना दोन बाजूंना नेलं. स्मरणात त्यांना पुन्हा फोडायचं कारण काय?

आणि समोर कोण होतं, हेही बघायला हवं. ती हिटलरची फौज होती. तिच्याविरुद्ध इटलीत पन्नास हजारांवर भारतीय जवान लढले, ५,७८२ परतले नाहीत. हे ऋण तिथल्या लोकांनी मानलं. जुलै २०२३ मध्ये पेरुजाजवळच्या मोंतोने या गावाने यशवंत घाडगे यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, असं त्याचं बोधवाक्य आहे. ज्यांची भाषा त्या पोराला येत नव्हती ते त्याला आपला मानतात, आणि त्याच्याच भाषेत त्याला परका ठरवलं जातं, हे सलतं.

इटलीत त्यांची ज्ञात कबर नाही. नाव कसिनोच्या स्मारकावर कोरलं आहे. तिथपर्यंत जाणं प्रत्येकाला जमणार नाही. पण गणपतीला गावी जाताना मुंबई-गोवा महामार्गावर माणगावला गाडी चहासाठी थांबतेच. तिथे तहसील कार्यालयापाशी यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. पोरांना घेऊन पाच मिनिटं तिकडे जा, आणि हा कोण ते त्यांना सांगा.