पाकिटावरचे शिक्के

गेल्या नोव्हेंबरांत, हयातीच्या दाखल्याच्या दिवसांत, आमच्या नांवें एक ईमेल आलें. चोवीस तासांत माहिती न भरल्यास निवृत्तिवेतन थांबेल, असा मजकूर. पाठविणाराच्या जागीं सरकारी खात्याचें नांव! पारगांवच्या आमच्या घरांत घबराट उडाली. आम्ही खातेंक्रमांक लिहावयास बसलोंच होतों, इतक्यांत धाकटी सूनबाई म्हणाली, "मामंजी, आधीं पाकिटावरचे शिक्के वाचूं या."

शिवनेरीच्या मुलखांत राहणाऱ्या आम्हांस ही सूचना तात्काळ पटली. शिवकालीन पत्रांत मजकूर संपला कीं मोर्तब उमटवीत. हेतु हा, कीं त्याखालीं कोणीं अक्षर वाढवूं नये. ईमेललाही शिक्के असतात, परंतु ते पडद्याआड राहतात. जीमेलमध्यें पत्राजवळच्या तीन टिंबांवर दाबून 'शो ओरिजिनल' निवडलें म्हणजे ते दिसतात.

तेथें तीन गोष्टी पाहाव्या. 'फ्रॉम' ही ओळ पाठविणारा स्वतः लिहितो. तींत वाटेल तें नांव घालतां येतें. दुसरें, वाटेंतील प्रत्येक सर्व्हर 'रिसीव्ह्ड' अशी आपली ओळ वर चढवितो. म्हणून प्रवास खालून वर वाचावा. खालच्या ओळी भामटाही रचूं शकतो. आपल्या टपालसेवेनें घातलेल्या वरच्या ओळीच तेवढ्या विश्वसनीय. तिसरें, 'एसपीएफ', 'डीकिम' व 'डीमार्क' या परीक्षा. पत्र नेमलेल्या सर्व्हरवरून निघालें काय, हें पहिली पाहते. सही खरी व मजकूर अभंग आहे काय, हें दुसरी. आणि या दोहोंपैकीं एकीचा तरी 'फ्रॉम'मधील पत्त्याशीं मेळ बसतो काय, हें तिसरी.

आमच्या पत्रावर डीमार्कपुढें 'फेल' असा शेरा होता. जन्मभर मुलांना शेरे दिले, आणि हा एक शेरा आम्हांस वाचतां येत नव्हता!

थंडरबर्डसारख्या साधनांत असा शेरा असलेलीं पत्रें आपोआप निराळ्या कप्प्यांत टाकण्याचा नियम करतां येतो. मात्र तीं लगेच नष्ट करूं नयेत; एकानें दुसऱ्याकडे पुढें धाडलेलें खरें पत्रही कधीं नापास होतें. उलट 'पास' म्हणजे सज्जन, असेंही नव्हे. भामटा मिळताजुळता पत्ता स्वतःच घेऊन तिन्ही परीक्षांत उतरतो. म्हणून पत्त्यांतील 'ॲट'पुढील भागाचें अक्षरन् अक्षर ताडून पाहावें.

दाखला आम्ही दुसऱ्या दिवशीं स्वतः बँकेंत जाऊन दिला. वडील मंडळींनीं असा धडा धाकट्यांकडून घेण्यांत कमीपणा मानूं नये. आतां आम्ही शिक्के प्रथम पाहतों, मजकूर मागाहून वाचतों.