कुंडीतली माती : सुरक्षित, पण कोणासाठी?



आपल्या बोलण्यात मातीला फारसा मान नाही. काम बिघडले की 'सगळी माती झाली' म्हणायचे आणि एखाद्या वस्तूचा भाव कोसळला की तिला 'मातीमोल' ठरवायचे! ही सवय इतकी अंगवळणी पडली आहे, की रोपवाटिकेतून कुंडीच्या मातीची पिशवी आणताना तिच्यात काय काय घातले आहे, हे विचारण्याचे आपल्या मनातही येत नाही. माती ती माती, तिच्याबद्दल विचारायचे काय? या समजुतीविरुद्ध आज मला तुमच्याशी बोलायचे आहे. त्यासाठी मी एक जरा दूरदेशीचे उदाहरण घेणार आहे. ते आहे शॅमेलिऑनच्या पिंजऱ्यातील कुंडीचे.

शॅमेलिऑन म्हणजे आपल्या कुंपणावर मान हलवीत बसणारा नेहमीचा सरडा नव्हे. दोन डोळे दोन दिशांना फिरवणारा, फांदी चिमट्यासारखी पकडणारा आणि शेपटीचे वेटोळे करणारा हा संथ प्राणी. मराठीत त्याला सरडगुहिरा असेही म्हणतात. भारतात त्याची एकच जाती आढळते आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला संरक्षण दिलेले आहे. तिला पकडून घरात ठेवणे हा गुन्हा आहे, हे आधीच सांगून ठेवतो. अमेरिकेत आणि युरोपात मात्र येमेनकडचा, डोक्यावर उंच तुरा असलेला शॅमेलिऑन आणि मादागास्करचा पँथर शॅमेलिऑन हे पाळण्याची बरीच हौस आहे. त्यांची पिल्ले बंदिवासातच निपजवली जातात.

हा प्राणी वाटीतले साचलेले पाणी सहसा पीत नाही. पानांवरचे थेंब चाटून तो तहान भागवतो. शिवाय त्याला लपायला पानांचा आडोसा लागतो आणि हवेत ओलावाही लागतो. म्हणून जाणते लोक त्याच्या जाळीच्या पिंजऱ्यात मनीप्लांट, जास्वंद किंवा फायकसची जिवंत झाडे ठेवतात आणि रोज त्यांवर पाणी फवारतात. झाड आले म्हणजे कुंडी आली, कुंडी आली म्हणजे माती आली. प्रश्न उभा राहतो तो येथे. माती कोणती घालावी?

पिशवीत असते तरी काय?

दुकानात मिळणारे कुंडीचे मिश्रण ही केवळ माती नसते. त्यात पुष्कळदा पीट किंवा नारळाच्या काथ्याचा भुसा असतो. थर्मोकोलच्या कणांसारखे पांढरे दाणे दिसतात, ते परलाइटचे. परलाइट ही ज्वालामुखीतून बनलेली काच आहे. तिच्यात अडकलेले थोडे पाणी सुमारे ९०० अंश सेल्सिअस तापमानाला वाफ होऊन बाहेर पडू पाहते आणि दाणा लाहीसारखा फुलतो. या दाण्यांमुळे माती भुसभुशीत राहते आणि मुळांना हवा मिळते. काही मिश्रणांत हळूहळू विरघळणाऱ्या खताच्या रंगीत गोळ्या असतात, काहींत माती लवकर भिजावी म्हणून घातलेली रसायने असतात, तर काहींत कीटकनाशकेही असतात.

झाडाच्या दृष्टीने यातल्या बहुतेक गोष्टी उपयोगाच्या आहेत. पण पिंजऱ्यात झाडाखेरीज आणखी एक जीव आहे, आणि पिशवी तयार करणाऱ्याने त्याचा विचार केलेला नाही. त्याने तो करावा अशी अपेक्षाही नाही. विचार करायचा तो आपण.

शॅमेलिऑन आपली लांब जीभ फेकून किडा पकडतो. जिभेच्या टोकावर जो चिकट द्रव असतो, तो माणसाच्या लाळेच्या सुमारे ४०० पट दाट असल्याचे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसून आले. आता असे समजा, की एक रातकिडा कुंडीतील मातीवर उतरला आणि शॅमेलिऑनने त्यावर नेम धरला. जीभ परत येताना किड्याबरोबर काय काय चिकटून येईल? परलाइटचे दाणे, काथ्याचे तुकडे, खताची एखादी गोळी! त्यातच येमेनी शॅमेलिऑनला पाने कुरतडण्याची आवड असते आणि काही प्राणी तर माती मुद्दाम खाताना आढळतात. मातीचा एखादा कण निरोगी प्राण्याच्या पोटातून सहसा सुखरूप बाहेर पडतो. परंतु प्राणी पाण्यावाचून कोरडा पडलेला असेल, त्याला पुरेशी ऊब मिळत नसेल किंवा त्याच्या अंगात कॅल्शियमची कमतरता असेल, तर आतडी मंद चालतात आणि न पचणारे दाणे साचून मार्ग तुंबतो. मग प्राणी खाणे सोडतो आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर मरतोही.

न दिसणारा धोका

परलाइट निदान डोळ्यांना दिसते. खरी भीती न दिसणाऱ्या गोष्टींची आहे. इमिडाक्लोप्रिडसारखी काही कीटकनाशके मातीत टाकली की मुळांवाटे झाडात शिरतात आणि रसाबरोबर पानापानांत पोचतात. अशा झाडाची पाने कितीही धुतली तरी काय उपयोग? विष पानावर नसून पानात आहे! रोपवाटिकेतून आणलेल्या झाडाच्या मुळांभोवती जो मातीचा गोळा असतो, त्यात असे औषध महिनोन्‌महिने टिकू शकते. आपण नवी कुंडी घेतो, चांगली माती भरतो आणि मधोमध तो जुना गोळा तसाच बसवतो. वरवर सगळे नवे, पण झाड अन्न घेते ते जुन्याच मातीतून.

म्हणून माझे मत असे, की नव्या मातीची निवड ही दुसरी पायरी आहे. पहिली पायरी म्हणजे आणलेल्या झाडाची मुळे हलक्या हाताने मोकळी करून, पाण्याने धुऊन जुनी माती शक्य तेवढी काढून टाकणे आणि ते झाड काही महिने पिंजऱ्याबाहेरच वाढू देणे. या काळात जी नवी पाने फुटतात, त्यांत औषधाचा अंश उत्तरोत्तर कमी होत जातो. यात वेळ जातो खरा, पण घाई आपल्याला असते, झाडाला नसते.

दोन टोकांची मते

या विषयावर दोन टोकांची मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, 'माती नकोच! पिंजऱ्याच्या तळाशी कागद घाला आणि प्लॅस्टिकची झाडे टांगा, म्हणजे काळजी मिटली.' स्वच्छतेच्या दृष्टीने या म्हणण्यात तथ्य आहे. आजारी प्राण्याला काही दिवस असे ठेवणे योग्यही ठरेल. पण मादीचे काय? येमेनी शॅमेलिऑनची मादी एरवी झाडावर राहते, मात्र अंडी घालायला जमिनीवर उतरते आणि ओलसर मातीत बोगदा खणते. एका खेपेला ती ३०-४० अंडी सहज घालते, कधीकधी त्याहून पुष्कळ अधिक. नराशी गाठ पडलेली नसली तरीही तिच्या पोटात अंडी तयार होतात. खणायला योग्य जागा मिळाली नाही, तर ती अंडी पोटातच धरून ठेवते आणि त्यातच तिचा अंत होऊ शकतो. म्हणजे मातीच्या भीतीने माती काढून टाकली, तर मातीच्या अभावानेच प्राणी दगावायचा!

दुसरा पक्ष म्हणतो, 'जे नैसर्गिक ते सुरक्षित. रासायनिक काही नको, एवढे पाळले की झाले.' हेही मला पटत नाही. कुंड्यांत वापरले जाणारे व्हर्मिक्युलाइट हे नैसर्गिक खनिजच आहे. तरीही अमेरिकेतील मोंटाना राज्यात लिबी गावाजवळच्या ज्या खाणीतून ते फार मोठ्या प्रमाणावर काढले जाई, तेथल्या खनिजात घातक ॲस्बेस्टॉस मिसळलेले होते. ती खाण १९९० मध्ये बंद झाली, पण तोपर्यंत असंख्य कामगारांना आणि गावकऱ्यांना फुप्फुसांचे रोग जडले होते. जवळचे उदाहरण हवे तर निंबोळी पेंडीचे घ्या. ती नैसर्गिक आहे, शेतीला हितकारक आहे, पण किड्यांची वाढ रोखणे हाच तर तिचा गुण! पिंजऱ्यातील घाण फस्त करण्यासाठी कुंडीत बारीक किडे मुद्दाम सोडले असतील, तर ही पेंड त्यांनाही बाधणार. कच्चे शेणखत तर कुजताना तापते आणि अमोनिया सोडते. तेव्हा 'नैसर्गिक' हा शब्द म्हणजे सुरक्षिततेचा दाखला नव्हे.

मग कोणती माती?

मला विचाराल तर जिच्यातला प्रत्येक घटक आपल्याला नावाने सांगता येतो, ती माती चांगली. औषध न फवारलेल्या जागेतील चाळलेली बागेची माती दोन भाग, धुतलेली जाडसर वाळू एक भाग आणि पूर्ण कुजलेला पालापाचोळा किंवा काथ्याचा भुसा एक भाग, एवढे साधे मिश्रण पुरते. काथ्याच्या भुशात पुष्कळदा मीठ असते, म्हणून तो आधी दोन-तीन पाण्यांतून काढावा. पिंजऱ्यात रोज फवारणी होत असल्याने येथील कुंडीला साध्या कुंडीपेक्षा पाणी जास्त मिळते. तेव्हा कुंडीच्या बुडाला भोके हवीतच. पाणी तुंबले की मुळे कुजतात आणि चिलटे होतात. शेवटी मातीवर नदीतले गुळगुळीत गोटे पसरावेत, आणि ते शॅमेलिऑनच्या डोक्याहून मोठे असावेत, म्हणजे तोंडात जायचे नाहीत. मादीसाठी मात्र ओलसर, बोगदा केला तरी न ढासळणाऱ्या मातीची फूटभर खोल पेटी वेगळी ठेवावी.

माती पारखण्याच्या काही चाचण्या शाळेतही करता येतात. काचेच्या बरणीत मूठभर मिश्रण घ्या, पाणी घालून जोराने हलवा आणि बरणी स्थिर ठेवा. वाळू तळाशी बसेल, तिच्यावर गाळ बसेल, चिकणमाती बराच वेळ पाण्यात तरंगत राहील आणि परलाइटचे दाणे पृष्ठभागावर येतील. पिशवीत काय आहे याचा पहिला पुरावा तुमच्या डोळ्यांसमोर! दुसरी चाचणी बियांची. संशयित मातीत आणि माहितीच्या चांगल्या मातीत मेथीचे प्रत्येकी वीस दाणे पेरा आणि उगवण मोजा. मातीत क्षार फार असतील किंवा तणनाशक असेल, तर फरक दिसेल. पण लक्षात घ्या, कीटकनाशक असलेल्या मातीतही मेथी छान उगवेल. प्रत्येक चाचणी तिला विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते, हा विज्ञानाचा धडा येथे मिळतो.

किड्यांना घातक असलेल्या मातीसाठी गांडुळांची साक्ष उपयोगी पडते. एका खोक्याच्या अर्ध्या भागात संशयित आणि अर्ध्या भागात चांगली माती, दोन्ही सारख्याच ओलसर, भरा. मधोमध दहा गांडुळे सोडा आणि ४८ तासांनी मोजा. आठांहून अधिक गांडुळे चांगल्या मातीकडे गेली असतील, तर दुसरीत काहीतरी बिघाड आहे असे समजावे. ही पद्धत मातीपरीक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकांतही आहे. प्रयोग संपल्यावर गांडुळे बागेत परत सोडा, आणि मातीत हात घातल्यावर ते साबणाने धुवा.

आपल्याला याचे काय?

तुम्ही म्हणाल, 'आमच्याकडे शॅमेलिऑन पाळायचा नाही, मग ही उठाठेव कशासाठी?' पण आपल्या गच्चीतली कुंडी तरी फक्त झाडाची कोठे असते? तिथे चिमण्या धूळस्नान करतात, फुलपाखराच्या अळ्या कढीलिंबाची पाने खातात आणि त्या अळ्या टिपायला सरडे आणि बुलबुल येतात. पूर्वी आपल्याकडे शेतात, बागेत सर्रास टाकले जाणारे फोरेट हे जहाल औषध २०२०च्या अखेरीपासून देशात बंद झाले आहे. पण एक औषध बंद झाले म्हणून विचारणे बंद करून चालत नाही.

मातीबरोबर जीवही प्रवास करतात. गांडुळासारखा दिसणारा आपला निरुपद्रवी वाळा साप ठाऊक आहे ना? कुंड्यांच्या मातीत दडून तो हवाई बेटे, फ्लोरिडा, मेक्सिको असा जगभर पोचला. त्याच्यात सगळ्या माद्याच असतात आणि नराशिवायच त्यांना पिल्ले होतात, म्हणून एक वाळा पोचला तरी वस्ती होते. इंग्रजीत त्याला 'कुंडीतला साप' असेच नाव पडले आहे. तेव्हा वापरलेली माती रानात किंवा ओढ्याकाठी नेऊन टाकणे हेही बरे नव्हे.

शिक्षकांना माझी विनंती आहे, की यंदा बाजारातून मातीची एखादी पिशवी वर्गात आणावी आणि मुलांकडून तिची छाननी करवून घ्यावी. आणि मुलांनो, तुम्ही रोपवाटिकेत गेलात की तीन प्रश्न न लाजता विचारा : यात काय काय आहे? यावर कोणते औषध मारले होते? आणि केव्हा? उत्तर मिळाले नाही, तर ती पिशवी घेऊ नका. विक्रेत्याला आज हे प्रश्न विचित्र वाटतील. पण दहाजणांनी विचारले, तर अकराव्यासाठी तो उत्तर तयार ठेवील.