ओलिसांची सुटका : पोलिसांचे काम की लष्कराचे?

३० ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबईतील पवई येथे एका स्टुडिओमध्ये अभिनयाच्या चाचणीसाठी आलेल्या १७ मुलांना रोहित आर्य नावाच्या इसमाने ओलीस ठेवले. मुलांबरोबर दोन प्रौढ व्यक्तीही अडकल्या होत्या. आपल्याला काही जणांशी बोलायचे आहे, काही प्रश्नांची उत्तरे हवी आहेत, अन्यथा आपण ही जागा पेटवून देऊ, असे त्याने चित्रफितीद्वारे कळविले. शालेय उपक्रमाच्या कामाचे पैसे शासनाकडून येणे आहेत, अशी त्याची जुनी तक्रार होती. पोलिसांनी त्याच्याशी बोलणी केली. ती निष्फळ ठरल्यावर पोलीस स्नानगृहाच्या मार्गाने आत शिरले, आणि एका अधिकाऱ्याच्या गोळीने जखमी झालेला आर्य मरण पावला. सर्व मुले सुखरूप आपल्या आईवडिलांकडे परतली, याबद्दल परमेश्वराचे आभार मानावेत तेवढे थोडेच.

या घटनेनंतर दोन प्रकारचे सूर आमच्या कानी आले. एक सूर असा की, अशा प्रसंगी पोलिसांवर विसंबून न राहता थेट लष्कराला किंवा कमांडोंना पाचारण करावे. दुसरा सूर असा की, एका त्रस्त माणसाला ठार मारण्याची खरोखरच गरज होती काय? वरवर पाहता हे दोन सूर परस्परविरोधी आहेत. आमच्या मते मात्र दोन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. ओलिसांच्या प्रसंगाची मालकी कोणाकडे असावी आणि त्याचा जाब कोणी द्यावा, हा तो प्रश्न होय.

सैनिक आणि पोलीस यांच्या शिक्षणातच मूलभूत फरक आहे. सैनिकाला शत्रूचा पाडाव करण्यास शिकविले जाते. पोलिसाला कायद्याचे रक्षण करावयाचे असते, आणि त्याच्या लेखी समोरचा गुन्हेगारदेखील नागरिकच असतो. त्याला पकडून न्यायालयापुढे उभे करणे हे पोलिसाचे पहिले काम. म्हणूनच आपल्या राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत पोलीस हा विषय राज्यांकडे दिलेला आहे, आणि सैन्य देशांतर्गत कामासाठी येते तेव्हा ते नागरी सत्तेच्या मदतीला येते, तिची जागा घ्यायला नव्हे.

हा फरक पुस्तकी नाही, हे अमृतसरच्या सुवर्णमंदिराने दोनदा दाखवून दिले आहे. जून १९८४ मध्ये तेथे लष्कर घुसले. रणगाडे वापरले गेले, अकाल तख्ताची हानी झाली, आणि आत सापडलेले यात्रेकरूही मोठ्या संख्येने मृत्युमुखी पडले. त्या जखमेची किंमत देश पुढे कित्येक वर्षे मोजीत राहिला. चार वर्षांनी, मे १९८८ मध्ये, अतिरेकी पुन्हा त्याच मंदिरात ठाण मांडून बसले. या वेळी पंजाब पोलिसांचे प्रमुख के. पी. एस. गिल यांनी राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाच्या म्हणजे एनएसजीच्या साह्याने वेढा घातला. पाणी व वीज तोडली, दूर उंचावर नेमबाज बसविले आणि वाट पाहिली. वार्ताहरांना ते सारे पाहू दिले. सुमारे आठ-नऊ दिवसांत बहुतेक अतिरेकी हात वर करून बाहेर आले. स्थळ तेच होते. निराळी होती ती कामाची रीत, आणि घाई न करण्याचे धैर्य. आपल्यापैकी ज्यांना आपले देवालय प्राणाहून प्रिय आहे, त्यांना या दोन प्रसंगांतील अंतर अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

परदेशांतील अनुभवही हेच सांगतो. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ओलीस धरलेल्या इस्रायली खेळाडूंना सोडविण्याचा बव्हेरियाच्या पोलिसांचा प्रयत्न फसला. एकूण ११ इस्रायली आणि एक जर्मन पोलीस प्राणास मुकले. त्या पोलिसांना अशा कामाचे शिक्षणच नव्हते. तथापि जर्मनीने त्यावर उपाय म्हणून सैन्याला शहरांत आणले नाही. त्याच वर्षी सीमारक्षक पोलिसांतच जीएसजी-९ हे खास पथक उभारले, आणि पाच वर्षांनी मोगादिशू येथे याच पथकाने अपहृत विमानातील प्रवाशांची सुटका केली.

ब्रिटनची गोष्ट आणखी बोलकी आहे. १९८० मध्ये लंडनमधील इराणच्या वकिलातीत बंदूकधारी घुसले. सहा दिवस लंडनचे पोलीस त्यांच्याशी बोलत राहिले, जेवण पाठवीत राहिले, एकेक ओलीस सोडवीत राहिले. लष्कराचे एसएएस पथक शेजारीच सज्ज होते, पण त्याला आत जाण्याची मुभा नव्हती. एका ओलिसाला ठार करून त्याचा देह बाहेर टाकण्यात आला, तेव्हा पोलीस अधिकाऱ्याने लेखी सही करून प्रसंगाचा ताबा लष्कराकडे दिला. काही मिनिटांत कारवाई झाली, आणि ताबा पुन्हा पोलिसांकडे आला. आम्हाला त्या धाडसी कारवाईपेक्षा सहीचा तो कागद अधिक मोलाचा वाटतो. बळ कोणाच्या हुकुमाने आणि किती वेळ वापरले, याची नोंद त्यात आहे.

जेथे ही नोंद हरवते तेथे काय होते, ते रशियाने दाखविले. सप्टेंबर २००४ मध्ये बेस्लान येथील शाळेत अतिरेक्यांनी हजाराहून अधिक लोकांना कोंडले. सुटकेच्या गोंधळात रणगाड्यांचे गोळे शाळेवर पडले. ३३० हून अधिक माणसे मेली, त्यांत निम्म्याहून अधिक मुले होती. २०१७ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने रशियाला त्याबद्दल दोषी धरले.

आता आपल्या मुंबईकडे वळू. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री ताजमहाल हॉटेल, ओबेरॉय-ट्रायडंट आणि नरिमन हाऊस येथे माणसे ओलीस होती. ते दहशतवादी बोलणी करण्यासाठी आलेले नव्हते, मारण्यासाठी आणि मरण्यासाठी आले होते. म्हणून तेथे कमांडोंची गरज होती, याविषयी दुमत नाही. परंतु एनएसजीचे जवान दिल्लीजवळील मानेसरहून निघून मुंबईत पोहोचेपर्यंत पहाट झाली. तोवरची सारी रात्र पोलिसांचीच होती. कामा रुग्णालयात सदानंद दाते मोजक्या सहकाऱ्यांनिशी दहशतवाद्यांना सामोरे गेले आणि हातबॉम्बने जखमी झाले. विश्वास नांगरे पाटील थोड्याशा शिपायांसह ताजमध्ये शिरले. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी स्वतःच्या देहावर गोळ्या झेलून अजमल कसाबला जिवंत पकडू दिले. हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळस्कर हे अधिकारी त्याच रात्री धारातीर्थी पडले.

पुढे नौदलाचे मार्कोस आले, लष्कराची तुकडी आली, मग एनएसजी आले. मेजर संदीप उन्नीकृष्णन व हवालदार गजेंद्रसिंग यांचे बलिदान आपण विसरू शकत नाही. पण त्या तीन दिवसांत घटनास्थळाचा एक धनी कोण, हे स्पष्ट दिसत नव्हते. दूरचित्रवाणीवर कमांडो कोठून उतरत आहेत हे जगाला दिसत होते, आणि सीमेपलीकडील सूत्रधारही ते पाहत होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कसाबच्या खटल्याच्या निकालात या प्रक्षेपणावर कठोर ताशेरे ओढले. नरिमन हाऊसमधील ओलीस वाचले नाहीत. लहानग्या मोशेला त्याच्या दाईने, सँड्रा सॅम्युअल यांनी, उचलून बाहेर आणले होते. तेव्हा कमांडो तेथे पोहोचलेही नव्हते. राम प्रधान समितीने नंतर जे दोष दाखविले, ते शौर्याच्या अभावाचे नव्हते. ठरलेली कार्यपद्धती बाजूला राहणे, नेतृत्व न दिसणे, शस्त्रे व सराव अपुरा असणे, हे ते दोष होते.

त्यानंतर मुंबईत एनएसजीचे केंद्र झाले. राज्य पोलिसांचे फोर्स वन हे पथक उभे राहिले. चांगलेच झाले. मात्र कमांडो पथकाचे संचलन दूरचित्रवाणीवर दाखविता येते, चार तास शांतपणे फोनवर बोलत राहणारा पोलीस दाखविता येत नाही. त्यामुळे पैसा पहिल्याकडे जातो की काय, अशी आम्हाला शंका येते. २६/११ च्या जेमतेम एक महिना आधी, २७ ऑक्टोबर २००८ रोजी, राहुल राज हा तरुण कुर्ल्यात बेस्टच्या बसमध्ये पिस्तूल घेऊन उभा राहिला आणि पोलिसांच्या गोळीने मारला गेला. त्याला बोलायचे होते. ते ऐकून घेणारा कोणी तेथे होता काय, हे तेव्हाही विचारले गेले. सतरा वर्षांनी पवईतही माणसाने ‘मला बोलायचे आहे’ असेच सांगितले होते. मुलांच्या जिवापुढे पोलिसांनी घेतलेला निर्णय आम्ही येथे बसून चुकीचा ठरविणार नाही. पण प्रश्न विचारण्याचा हक्क राहतो, आणि पोलिसांच्या बाबतीत तो विचारण्याची वाटही आहे. पोलीस कारवाईत मृत्यू झाल्यास स्वतंत्र तपास व दंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशी झाली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात बजावले आहे.

ख्रिस्तसभेची शिकवण या बाबतीत संदिग्ध नाही. ओलीस धरणे हे नैतिकदृष्ट्या अधर्म्य आहे, असे धर्मशिक्षणग्रंथाचा परिच्छेद २२९७ सांगतो. इतरांच्या जीविताची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांच्यासाठी संरक्षण हा हक्कच नव्हे तर गंभीर कर्तव्यही आहे, असे परिच्छेद २२६५ मध्ये आहे. पण गरजेपेक्षा अधिक बळ वापरणे त्याच शिकवणीला मान्य नाही. बंदिवानांसाठी स्वतःला तारण ठेवण्याचे व्रत मर्सिडेरियन संघ तेराव्या शतकापासून घेत आला आहे. २३ मार्च २०१८ रोजी फ्रान्समधील ट्रेब येथे लेफ्टनंट कर्नल आर्नो बेल्ट्राम यांनी एका ओलीस स्त्रीच्या जागी स्वतःला देऊ केले आणि दुसऱ्या दिवशी ते मरण पावले. ते प्रौढ वयात श्रद्धेकडे वळलेले कॅथलिक होते. त्यांचे जान्दार्मरी हे दल लष्करी असूनही पोलिसांचे काम करते, म्हणजे गणवेशाने सारे काही ठरत नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

हे सारे आम्ही कशेळ्याच्या वाचकाला डोळ्यांसमोर ठेवून लिहीत आहोत. कर्जतहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे बाजाराचे गाव, आणि भोवती भीमाशंकरच्या पायथ्यापर्यंत पसरलेल्या ठाकर-कातकरी वाड्या. येथील एखाद्या आश्रमशाळेत किंवा रुग्णालयात उद्या पवईसारखा प्रसंग ओढवला, तर मुंबईहून पथक येईपर्यंत काय होईल? पावसाळ्याच्या रात्री जिल्ह्याचे ठिकाण असलेले अलिबागही फार दूर वाटते. पहिला तास हा तालुक्यातल्या हवालदाराचा असणार. त्याच्याजवळ मोठी बंदूक आहे की नाही, हा नंतरचा प्रश्न. रस्ता अडविणे, गर्दी मागे हटविणे, आतल्या माणसाशी त्याच्या बोलीत संवाद सुरू ठेवणे, आणि वरिष्ठ येईपर्यंत कोणालाही घाई करू न देणे, हे त्याला शिकविले आहे काय?

येथे विश्वासाचाही प्रश्न आहे. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना इंग्रजांच्या पोलिसांनी ठार मारले, ही आठवण या भागात दरवर्षी जागविली जाते. वाडीवरच्या माणसाला खाकी वर्दीची भीती आजही वाटते. ती भीती कमी झाल्यावाचून कोणी खबर देणार नाही आणि कोणी मध्यस्थी करणार नाही.

आपल्या धर्मग्रामांच्या शाळा व वसतिगृहे यांना आमची एवढीच विनंती आहे. नवे शैक्षणिक वर्ष सुरू होण्यापूर्वी इमारतीचा साधा नकाशा काढावा. दारे, जिने, खिडक्या, स्नानगृहे आणि विजेचा मुख्य खटका त्यात दाखवावा. मुख्याध्यापक व वसतिगृहप्रमुख यांचे दूरध्वनी क्रमांक त्यावर लिहावेत, आणि त्याची एक प्रत स्वतः जाऊन आपल्या पोलीस ठाण्यात द्यावी. त्यानिमित्ताने तेथील अधिकाऱ्यांना एकदा शाळेत बोलावून मुलांची व त्यांची ओळख करून द्यावी.