आदिवासींच्या नोंदींचे रक्षण कोण करणार?

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टीला नवा नाही. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. आदिवासी भागातील ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची रक्ततपासणी करायची आणि २०४७ पर्यंत आजार हटवायचा, असा तिचा संकल्प आहे. मोहीम स्वागतार्हच आहे. तपासणीची नोंद संगणकावर चढते आणि राष्ट्रीय पोर्टलवर जाते. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. तेव्हा ही माहिती आरोग्यसेवकाला हवीच. परंतु तीच माहिती सोयरीक मोडणाऱ्याच्या, नोकरी नाकारणाऱ्याच्या किंवा विम्याचा हप्ता ठरवणाऱ्याच्या हाती पडली तर काय होईल, हे सांगायला नको. बँकेचे खाते बदलता येते. रक्तातला गुणधर्म बदलता येत नाही आणि तो मुलाबाळांपर्यंत जातो. म्हणजे या नोंदीचे गुपित निदान दोन पिढ्या टिकले पाहिजे.

ते टिकेल काय? संगणकाच्या जाळ्यावरून जाणारी माहिती सांकेतिक रूपात, म्हणजे एन्क्रिप्शन करून, पाठवली जाते. या कुलपाच्या किल्ल्यांची देवघेव आणि संगणकीय स्वाक्षरी गेली काही दशके मुख्यतः अशा गणितावर उभी आहे की जे एका बाजूने सोपे आणि उलट्या बाजूने जवळजवळ अशक्य असते. १९७७ साली निघालेल्या आरएसए पद्धतीत दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार असतो. गुणाकार क्षणात होतो; त्यावरून मूळच्या दोन संख्या शोधणे आजच्या कोणत्याही संगणकाच्या आवाक्याबाहेरचे आहे. १९९४ साली पीटर शोर या गणितज्ञाने दाखवून दिले की, पुरेशा सामर्थ्याचा क्वांटम संगणक हेच काम झपाट्याने करू शकेल. तो दिवस उगवला की ही कुलपे निकामी होतील.

असा संगणक आज अस्तित्वात नाही आणि तो कधी होईल हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मग भामरागड-एटापल्लीच्या गावांत जिथे मोबाइलला धड रेंज मिळत नाही, तिथे या चर्चेचे प्रयोजन काय, असे काही कार्यकर्ते विचारतील. आक्षेप प्रामाणिक आहे, पण तो धोका समजून न घेतल्यामुळे येतो. गावात रेंज नसली तरी गावाची नोंद दूरच्या सर्व्हरवर केव्हाच पोहोचली आहे. चोराला कुलूप आजच उघडता यायला हवे असे नाही. बंद पेटी आज उचलून न्यावी आणि किल्ली तयार होईपर्यंत सांभाळून ठेवावी, एवढे त्याला पुरते. अल्पायुषी गुपिताला या चोरीचे भय नाही. दीर्घायुषी गुपित मात्र आजच धोक्यात आहे.

जगाने तयारी सुरू केली आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये क्वांटम संगणकालाही दाद न देतील अशा पद्धतींची तीन मानके जाहीर केली आणि त्याच वर्षीच्या आराखड्यात २०३५ नंतर जुन्या पद्धती बंद करण्याचा प्रस्ताव मांडला. भारत सरकारने एप्रिल २०२३ मध्ये ६,००३ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली. यंत्र घडवण्यासाठी पैसा जरूर खर्च व्हावा. पण त्याच यंत्रापासून सामान्य माणसाच्या नोंदी वाचवणे हीदेखील तितकीच राष्ट्रीय जबाबदारी आहे.

इथे प्रश्न अर्थशास्त्राचा होतो. मोठी बँक आपली कुलपे वेळेवर बदलील, कारण चोरी झाली तर नुकसान तिचे आहे. आरोग्य खात्याच्या पोर्टलवरील नोंद फुटली तर खात्याचे काय बिघडते? बिघडते ते माडिया-गोंड कुटुंबाचे. ज्याच्या ताब्यात नोंद आहे त्याला झळ नाही आणि ज्याला झळ आहे त्याला नोंद कुठे ठेवली आहे हेही ठाऊक नाही. अशा ठिकाणी बाजाराच्या प्रेरणेने संरक्षण कधीच होत नसते. ते कायद्याने आणि लोकांच्या रेट्यानेच होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सची संगणक व्यवस्था सायबर हल्ल्याने ठप्प झाली. देशातल्या अग्रगण्य रुग्णालयाची ही स्थिती असेल तर तालुक्याच्या रुग्णालयाची कल्पनाच केलेली बरी.

दुसरा धोका जमिनीचा आहे. सातबारा आता संगणकीय स्वाक्षरीने मिळतो. जुनी कुलपे मोडली की अशा स्वाक्षरीची हुबेहूब नक्कल शक्य होते. कोऱ्या कागदावरच्या अंगठ्याने आदिवासींच्या किती जमिनी गेल्या, हे या पट्ट्याला सांगण्याची गरज नाही. त्या परत देण्यासाठी १९७४ चा कायदा करावा लागला. तोच अन्याय नव्या साधनाने होऊ नये.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. कोणत्या खात्याकडे कोणत्या नोंदी आहेत आणि त्यांचे कुलूप कोणत्या पद्धतीचे आहे, याची यादी राज्य सरकारने करावी. ज्या नोंदी सर्वांत अधिक काळ जपायच्या, त्यांची कुलपे सर्वांत आधी बदलावीत. संगणक कंपन्यांशी होणाऱ्या प्रत्येक नव्या करारात ही अट आणि मुदत घालावी. आणि मुख्य म्हणजे, गरज नसलेली माहिती गोळाच करू नये. जी नोंद केलीच नाही ती कोणी चोरू शकत नाही.

हे मुंबईच्या मंत्रालयात आपोआप होणार नाही. २००९ साली मेंढा (लेखा) गावाने सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ साली बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती घेतले. आपल्या जंगलातून बांबू कुठे जातो हे विचारण्याचा अधिकार ज्या ग्रामसभेला आहे, तिला आपल्या माणसांच्या रक्ताची नोंद कुठे जाते हे विचारण्याचाही अधिकार असला पाहिजे. कार्यकर्त्यांनी हा प्रश्न माडिया आणि गोंडी भाषेत समजावून पुढच्या ग्रामसभेत ठरावाच्या रूपाने मांडावा. कुलूप बदलायला वर्षे लागतात. मागणी करायला एक सभा पुरते.