थंड हवा कुणाच्या बापाची?

"परवडत नसेल तर येऊ नये ना!"

हे वाक्य गेल्या दोन महिन्यांत मी तीनदा ऐकलं. तिन्ही वेळा बोलणारा माझ्यासारखाच कॉम्प्युटरवर पोट भरणारा, आणि तिन्ही वेळा विषय महाबळेश्वरचा. लाँग वीकेंडला वेण्णा लेकवर कशी 'पब्लिक' येते, एसटीतून उतरून कशी डबे उघडून बसते, काही विकत घेत नाही, नुसती गर्दी करते... सगळी मजाच जाते राव, वगैरे.

तर मंडळी, मी त्या पब्लिकपैकी. मूळ गाव वडूज, तालुका खटाव. त्यामुळे आजचं लिखाण जरा गरम आहे, समजून घ्या.

आधी भूगोल. वडूज आणि महाबळेश्वर एकाच सातारा जिल्ह्यात. अंतर शंभर किलोमीटरच्या थोडं वर. तिकडं वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आमच्याकडं पाचशेच्या आसपास, तोही पडला तर. आमची येरळा पुढं सांगलीकडं जाऊन त्याच कृष्णेला मिळते, पण पाणी असेल तेव्हा. 'कृष्णेचा उगम कोठे होतो?' या प्रश्नाचं उत्तर आमच्या वर्गात झोपेत विचारलं तरी सगळ्यांना येत होतं. उगम बघून आलेली पोरं मात्र एका हाताच्या बोटांवर. माझी आत्या आज ७६ वर्षांची आहे. पंढरपूर, तुळजापूर, जोतिबा सगळं झालं. महाबळेश्वर नाही. तिला विचारलं तर म्हणते, "थंडी खायाला पैसं द्यायचं व्हय रं?"

मी हसलो, पण मग हिशोब करायला बसलो (सवय!).

जायचा खर्च म्हणाल तर काहीच नाही. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. म्हणजे आत्या शून्य, आई अर्धी, बायको अर्धी, पोरगं अर्धं, आणि पूर्ण तिकिटाचा मी एकटा. पाच माणसं अडीच तिकिटांत. (आई ज्येष्ठ नागरिकही आहे आणि बाईही, पण म्हणून पाव तिकीट होत नाही.) वडूजहून पुसेगाव, कोरेगाव करत सातारा, तिथून मेढामार्गे वर. डब्यात भाकरी, शेंगदाण्याची चटणी, खर्डा. इथवर सगळं मस्त.

वर पोचलं की खरा खेळ सुरू. शनिवारच्या एका रात्रीसाठी एका साध्या लॉजला फोन केला. गादी, पंखा, गरम पाणी सकाळी सहा ते आठ. भाव साडेचार हजार, आणि "दोन रात्रीशिवाय देत नाही साहेब". शिवाय पाचवा माणूस म्हणजे एक्स्ट्रा गादी, तिचे वेगळे. शेतमजूर कुटुंबाने हा आकडा ऐकला तर फोन ठेवेल आणि पुन्हा कधी करणार नाही. बहुतेकांनी तो कधी केलेलाच नसतो.

"मागणी-पुरवठा आहे रे, मार्केट आहे" असं कोणीतरी म्हणणारच. म्हणून थोडा इतिहास. हे गाव मार्केटनं वसवलेलं नाही. १८२८-२९ च्या सुमारास गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून ही जागा घेतली, बदल्यात दुसरं गाव दिलं, आणि इथं माल्कमपेठ उभी राहिली. उन्हाळ्यात मुंबई सरकारच वर येऊन बसायचं. इथले भाजीमळे फुलवले ते चिनी आणि मलायी कैद्यांनी. ज्या वेण्णा तलावाकाठी आमच्या डब्यांची अडचण होते, तो १८४२ साली साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी बांधवला. म्हणजे साताऱ्याच्या गादीचीच जमीन, तिचाच तलाव, आणि साताऱ्याच्याच रयतेला 'पब्लिक' म्हणायचं? वा!

आणि मार्केटचं म्हणाल तर त्यात सरकारही आहेच की. हजार रुपयांपर्यंतच्या खोलीला पूर्वी जीएसटी नव्हता. १८ जुलै २०२२ पासून तोही लावला, १२ टक्के. गंमत बघा, नऊशेच्या खोलीला १२ टक्के आणि सात हजारांच्या खोलीलाही १२ टक्केच. सप्टेंबर २०२५ मध्ये तो दर ५ टक्क्यांवर आला, चांगलं झालं, पण दोघांना एकच माप ते एकच माप. (अगदी छोटा, नोंदणीच्या मर्यादेखालचा लॉज असेल तर कर लागत नाही हे मान्य. पण असा लॉज महाबळेश्वरात शोधून दाखवा आणि मला कळवा.)

आता दुसऱ्या टोकाची मंडळी. यांचा मला जास्त राग येतो. हे 'बजेट ट्रॅव्हल'वाले. पगार लाखात, पण 'मी दोन हजारांत महाबळेश्वर केलं!' याची मिरवणूक. आणि ते दोन हजारांत बसवलं कसं? तर घोडेवाल्याशी पंधरा मिनिटं घासाघीस करून, स्ट्रॉबेरीवाल्या मावशीकडून पाव किलो फुकट चाखून, आणि चहाच्या टपरीवर फोन चार्ज करून. याला कमी पैशात फिरणं म्हणत नाहीत, दुसऱ्याच्या खिशातून फिरणं म्हणतात. माझा काका घोडेवाल्याला भाव विचारून "नगं, पायी जातो" म्हणेल आणि खरंच पायी जाईल. त्याला दोन हजारांची 'चॅलेंज' कशाला? आयुष्यभर तेच तर करतोय.

पायी जाण्यावरून आठवलं. हे पॉइंट चालत जाण्यासारखेच आहेत. विल्सन पॉइंट बाजारापासून दीड-दोन किलोमीटर, बॉम्बे पॉइंट तीनेक. सूर्योदय एकीकडं, सूर्यास्त दुसरीकडं, दोन्ही फुकट. क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात हात जोडायलाही कोणी भाव सांगत नाही. खिशात पैसे नसलेल्या माणसासाठी हे गाव दिवसभर उत्तम आहे. फक्त रात्री त्यानं नाहीसं व्हायचं असतं.

पर्यावरणाचा मुद्दाही ऐकतो मी. महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून इको-सेन्सिटिव्ह झोन आहे, आणखी माणसं कशी परवडतील? मग पसरणीच्या घाटात तीन-तीन तास अडकणाऱ्या रांगेत किती एसट्या असतात ते मोजा. एका एसटीत चाळीस-पंचेचाळीस माणसं. तेवढीच माणसं आपल्या गाड्यांतून न्यायची तर निदान दहा गाड्या, आणि त्या लावायला दहा गाड्यांची जागा. डोंगराला जड होतंय ते आत्याचं गाठोडं नव्हे. झोनचा नियम नवीन काँक्रीटला आहे, आणि मी नवीन रिसॉर्ट मागतच नाहीये.

मी मागतोय ते शेगावला आहे. गजानन महाराज संस्थानाचा भक्तनिवास बघा. स्वच्छ खोली, स्वच्छ संडास, साध्या माणसाला परवडेल असा दर, आणि कोणी वर-खाली बघत नाही. देवाच्या गावात हे जमतं, मग 'गिरिस्थान नगरपरिषद' असं भारदस्त नाव लावणाऱ्या गावात का जमू नये? वेशीवरच्या नाक्यावर प्रवासी कर घेता ना? मग त्यातून असलेल्याच एखाद्या सरकारी इमारतीत शंभर खाटांचं डॉर्मिटरी करा. स्टँडवर सामान ठेवायला जागा आणि बायकांना जाता येईल असे संडास करा. एसटीची 'महाबळेश्वर दर्शन' गाडी हंगामापुरती न धरता वर्षभर, वेळापत्रकासकट चालवा. आणि त्या शंभर खाटांतल्या निम्म्या शनिवारीही फोनवर न विकता दारात आलेल्याला द्या, कारण आमची माणसं ऑनलाइन बुकिंग करून निघत नाहीत, शेतातलं काम उरकलं की निघतात.

हे होईपर्यंत काय? शनिवार-रविवार सोडा, मंगळवार-बुधवार बघा. मुक्काम वर न करता वाईला किंवा साताऱ्याला करा, तिथं भाव अजून माणसात आहेत. एका दिवसातच परतायचं असेल तर वडूजहून पहिली गाडी धरा, आणि वर उतरल्या उतरल्या, तलावाकडं पळायच्या आधी, साताऱ्याची संध्याकाळची गाडी कितीला आहे ते कंट्रोलरला विचारून घ्या. साताऱ्याहून वडूजची शेवटची गाडी चुकली तर रात्र स्टँडवरच्या बाकड्यावर काढावी लागते. ते बाकडं मात्र फुकट आहे.