शाईपेन शेणव्याच्या दप्तरातही हवा

शाईपेनांचा छंद म्हणजे श्रीमंतांचे चोचले, हा समज चुकीचा आहे. १९३१ साली दांडेकर बंधूंनी मुंबईत 'हॉर्स ब्रँड' शाईची पूड आणि वड्या बनवायला सुरुवात केली. त्यातूनच पुढे कॅम्लिन उभी राहिली. पूड पाण्यात कालवायची आणि दौत भरायची, इतका हा मामला साधा होता. बॉलपेनची शाई तेलकट आणि घट्ट असते, गोळी फिरवायला बोटांना जोर लावावा लागतो. शाईपेनाची पातळ शाई निबच्या चिरेतून आपसूक उतरते, हात हलका राहतो. शिवाय शाई संपली की पेन फेकायचा नाही, पुन्हा भरायचा.

शाई गळते, पावसात अक्षर पुसते, ही तक्रार खरी आहे. शहापूर तालुक्यातल्या शेणव्यासारख्या धो-धो पावसाच्या गावात तर ती रास्तच. पण निब वेळोवेळी साध्या पाण्याने धुतली आणि पेन दप्तरात उभा ठेवला की गळती बरीच कमी होते. महत्त्वाच्या अर्जांसाठी बॉलपेन आहेच. महागडे परदेशी पेन जमवणे हा या छंदाचा एक भाग झाला; रोज लिहिणे हा त्याचा गाभा आहे. शहापूर-मुरबाडच्या शाळांनी आठवड्यातला एक शुद्धलेखनाचा तास शाईपेनाला द्यावा.